विरजणाची वाटी

‘स्थानिकांसारखे राहा’ ही जाहिरात वाचून आम्ही महिनाभरासाठी हॉटेलऐवजी लिस्बनच्या जुन्या गल्लीतलं घर घेतलं. सवयीनं विरजण मागायला शेजारी गेले. दारावर नावाची पाटी नाही, कडीला नुसती भाड्यानं येणाऱ्या पर्यटकांसाठी किल्ली ठेवायची, आकड्यांच्या कुलपाची डबी, आमच्या दाराला होती तशीच. प्रत्येक दाराला तेच. शेवटी वरच्या मजल्यावर एका म्हातारीनं दार उघडलं. वाटीत दही देत मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाली, “इथं शेजारी कुठले? घरमालकांनी सगळ्यांना घालवलं, पर्यटकांसाठी. आता माझी पाळी.”

डोकंच फिरलं माझं. राहणाऱ्यांना हुसकून लावायचं आणि आम्हाला त्यांच्यासारखं राहायला बोलवायचं! लाज कशी वाटत नाही?

शेजारची वाटी रिकामी परत करू नये, म्हणून आज गरम शिरा घेऊन वर गेले. तिच्याही कडीला कोरी करकरीत डबी लटकत होती.

आता सांगा, ही वाटी कुठल्या स्थानिकाला नेऊन देऊ?