आईंचं ओके

दवाखान्यात सासूबाईंना भेटले ती शेवटची वेळ. समोरच्या भिंतीवर कॅलेंडर होतं, त्यावर गणपती. नाकात नळी, आणि आई त्या गणपतीकडे टक लावून बघत होत्या. मला वाटलं, नामस्मरण चाललंय. जवळ गेले तर म्हणाल्या, "रजिस्ट्रेशन हललं आहे वं. सोंडीले दोन कडा दिसून राहिल्या. कोणं ओके केलं असंन?" छपाईत चार रंग नेमके एकावर एक बसले नाहीत की चित्राला अशी दुहेरी कड येते. मी वाकून पाहिलं. खरंच हललं होतं. "आपल्या प्रेसचं नाही नं?" मी विचारलं, आणि आम्ही दोघी इतक्या हसलो की सिस्टर रागावून गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला... मी तेव्हा प्रेसमध्येच होते.

आता महिना उलटून गेला. पण तो गणपती आठवला की मला रडू कमी आणि हसू जास्त येतं. भरल्या घरातून, नातवंडांचे लाड करून, शेवटपर्यंत तोंडात प्रेसचीच भाषा घेऊन बाई गेली. तक्रार करायची तरी कशाची?

माझं माहेर वर्ध्याकडचं, कापूस आणि तूर पिकवणारं. लग्न होऊन नागपूरच्या प्रताप नगरातल्या घरी आले तेव्हा छपाईतलं मला ओ की ठो कळत नव्हतं. वर आम्ही राहायचो, खाली प्रेस. सासरे लवकर गेले, तेव्हापासून आईच ती चालवत. ब्लीड म्हणजे काय, असं विचारलं तर म्हणाल्या, "तुही माय ब्लाऊज शिवताना शिवणीत जास्तीचं कापड सोडते का नाई? तसंच. कटिंगमधे कागद जरासा सरकतेच, म्हणून रंग कडेच्या बाहेर नेऊन ठेवाचा." एका वाक्यात समजलं. पण हीच भाषा स्वयंपाकघरातही चाले. मी पुरणपोळी लाटायला बसले की मागून आवाज यायचा, "चारही बाजूनं मार्जिन सोड, मॅटर काठाले नेऊ नको." मॅटर म्हणजे पुरण. पाहुण्यांना सांगत, सून पहिल्याच प्रूफले पास केली. मी लाजायचं सोडून हळूहळू चिडायला लागले होते.

त्यांचा एक नियम मात्र देवाच्या आरतीसारखा पाळला जायचा. मशीन सुरू झाली की पहिले काही कागद वायाच जातात. रंग जमले असं वाटलं की एक शीट अंगणात न्यायची, ट्यूबलाइटखाली कधी बघायची नाही. आई ती उजेडात धरून निरखत आणि कोपऱ्यात ओके लिहून सही करत. मग ती शीट मशीनपुढे लागायची आणि सगळं काम तिच्याशी ताडून निघायचं. मी कॉम्प्युटर शिकले, पत्रिका डिझाइन करू लागले, गिऱ्हाइकं सांभाळली. पण ओके फक्त आईंचं. माझ्या नवऱ्याला, विलासला, त्याचं काही नव्हतं. मला होतं. मला ती सही हवी होती.

मग पिवळ्याचं प्रकरण सुरू झालं. जरीपटका भागातल्या एका सिंधी व्यापाऱ्याकडची लग्नपत्रिका होती, वर नवरानवरीचा फोटो. आई अंगणातून म्हणाल्या, "पिवळा चढव, गजू." गजूभाऊ आमचे मशीन चालवणारे. त्यांनी चढवला. "अजून." अजून चढवला. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे. आईंनी ओके केलं. पत्रिका न्यायला आलेले गृहस्थ म्हणाले, "भाभीजी, दूल्हा बीमार दिख रहा है." पुढच्या कामालाही तेच झालं, त्याच्या पुढच्याही. वर्षानुवर्षांची गिऱ्हाइकं बोलू लागली. विलास म्हणाला, "आईले सांगाची माही हिंमत नाई. तू सांग."

एका सकाळी जुनी ओके शीट आणि नवी, दोन्ही अंगणात नेल्या. "आई, तुमाले पिवळा कमी दिसून राहिला. डोळे दाखवून घेऊ."

त्यांनी दोन्ही शीटा खूप वेळ धरून ठेवल्या. "मले कमी दिसून राहिलं, का तुले जास्त?"

"मले बरोबर दिसून राहिलं."

सासूला असं उत्तर मी कधी दिलं नव्हतं. त्यांनी पेन माझ्या हातात दिला, "मंग कर ओके," म्हणाल्या आणि जिना चढून गेल्या. दुपारच्या चहालाही खाली आल्या नाहीत. हवी होती ती सही हातात आली, पण अशी नको होती. संध्याकाळी वरून हाक आली, "काहून बसली तशीच? डॉक्टरले फोन लाव."

मोतीबिंदू निघाला. डोळ्यातलं भिंगच पिवळं पडलं की कागदावरचा पिवळा फिका वाटतो, असं डॉक्टर म्हणाले. दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली आणि काळा चष्मा उतरल्याबरोबर त्यांनी आधी त्या पत्रिका मागवल्या. एकेक बघत म्हणाल्या, "बाप्पा, म्या तर अर्ध्या नागपूरले कावीळ केली," आणि पदर तोंडाला लावून हसत बसल्या. मी पेन पुढे केला. त्यांनी घेतला नाही. "दोघींच्या सह्या झाल्या तर गजू कोणाचं ऐकन? आता तुहीच. मी निसती उभी राहीन." आणि राहिल्या. शीटचं दुसरं टोक धरायच्या, पण माझी सही होईपर्यंत एक शब्द बोलायच्या नाहीत. माझं मन भरून यायचं.

त्यांच्या तेरवीची पत्रिका आमच्याच मशीनवर लागली, त्यांच्या रंगीत फोटोसकट. पहिली शीट घेऊन अंगणात आले. एकटीनं धरली की मोठी शीट मधे वाकते... आणि डोळ्यांत असं पाणी आलं की रंगच दिसेनात. रडत्या डोळ्यांनी ओके कसं करणार? मी गजूभाऊंना मशीन थांबवायला सांगितली आणि पायरीवर बसून राहिले. डोळे कोरडे झाल्यावर नीट बघितलं. गजूभाऊंनी मायेपोटी शाई हलकी सोडून चेहरा उजळवला होता.

"गजूभाऊ, आई एवढ्या गोऱ्या नव्हत्या. सावळ्या होत्या. तशाच येऊ द्या."

"बरोबर आहे वहिनी," ते हळूच म्हणाले. दुसरी शीट त्यांनी स्वतः आणली आणि एक टोक धरून उभे राहिले. आता त्या आमच्या आई होत्या. मी कोपऱ्यात ओके लिहिलं, सही केली, चालवा म्हटलं. आत मशीन सुरू झाली, आणि मग मी पायरीवर बसून पोटभर रडले. आता हरकत नव्हती, ओके झालं होतं.