जाळीच्या दारामागून

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही. तुम्हाला का सांगतोय, तेही धड कळत नाही — पण ऐका.

सिंगापूरला आमच्या मराठी मंडळाचा मी तेव्हा अध्यक्ष होतो. रॅफल्स प्लेसच्या बँकेत मला कुत्रं विचारत नव्हतं. मंडळात मात्र माझ्या शब्दाशिवाय पान हलत नसे. त्यात मला इतिहासाचा नाद. सेरंगूनला एका कॉन्डोच्या हॉलमध्ये मी भाषण ठोकलं होतं — मध्ययुगातले पोप आणि युरोपातले राजे यांच्या भांडणावर. बिशप कोणी नेमायचा, राजाने की पोपने? एवढ्यावरून पेटलेल्या भांडणात एका पोपने जर्मनीच्या राजाला धर्माबाहेर काढलं, आणि तो राजा भर हिवाळ्यात आल्प्स ओलांडून, पोपच्या दाराशी, बर्फात अनवाणी उभा राहिला. माफीसाठी! सांगताना माझा आवाज चढला होता. मी राजाच्या बाजूने, अर्थातच.

सगळ्यात मन लावून ऐकत होते आपटे गुरुजी. त्यांची मुलगी अश्विनी इथे नोकरीला — एकटी, पदरात लहान मुलगी. नातीला सांभाळायला गुरुजी व्हिजिट पासवर येऊन राहिले होते. मंडळाची पूजा तेच सांगायचे, कुणाकडे सत्यनारायण असला तर तोही. भाषण संपल्यावर म्हणाले, "अध्यक्ष, राजा ठीक, पोप ठीक. पण या सगळ्यात देवाची आठवण कुणाला होती हो?" हॉलभर हशा. मीही हसलो — पण झोंबलं ते झोंबलंच.

मग गणपती आले. यजमान म्हणून आमच्या बँकेतल्या मोठ्या साहेबांना बसवायचं मी ठरवून टाकलं होतं. साहेब सोवळं नेसून तयार. आणि गुरुजींनी भर सभेत सांगितलं, पूजेला कोण बसणार ते अध्यक्ष नाही, मी ठरवणार. बसवलं कुणाला? आत मोदक वळत असलेल्या, मंडळातल्याच, घटस्फोट झालेल्या विद्याला. लोकांनी टाळ्या वाजवल्या हो! साहेब प्रसाद न घेता गेले. माझं तोंड बघण्यासारखं झालं असणार.

पुढचं कसं सांगू? — सांगतोच. मी फोन केला. सरकारी कचेरीत, नाव न सांगता. या पासवर काम करून पैसे घेता येत नाहीत, हे मला पक्कं ठाऊक होतं. म्हणालो, एक म्हातारा इथे पूजेचा धंदा करतो. धंदा! माझ्याच घरी वास्तुशांत त्यांनी केली होती, आणि ते नको नको म्हणत असताना पाकीट मीच त्यांच्या हातात कोंबलं होतं.

पास वाढवून मिळाला नाही.

जायच्या आधी एका रविवारी गुरुजी क्वीन्सटाउनला माझ्या दारात आले. त्यांना वाटत होतं, अध्यक्षांनी शब्द टाकला तर काही होईल. जाळीच्या दाराबाहेर त्यांनी चपला काढल्या, बेल दाबली. माझे बूट तिथेच होते — मी घरात आहे हे त्यांना कळत होतं. "अध्यक्ष, गणपतीत माझं चुकलं. राग सोडा. पोरीचे हाल होतील हो." काय चुकलं होतं त्यांचं? मी आतल्या दाराच्या भिंगाला डोळा लावून उभा. भीती वाटत होती का? होती, माझ्या तोंडावर सगळं दिसेल याची. पण खरं सांगू — मला बरं वाटत होतं. गार फरशीवर ते अनवाणी उभे होते आणि मला बरं वाटत होतं! त्या पोपने निदान शेवटी दार उघडलं, राजाला माफ केलं. मी गुरुजी लिफ्टकडे वळेपर्यंत श्वास रोखून धरला.

ते नागपूरला परत गेले. नातीलाही घेऊन गेले. अश्विनीला नोकरी सोडणं परवडणारं नव्हतं आणि इथे मुलीला बघणारं कुणी नव्हतं. ती पोर तिकडेच वाढली. आई तिला वर्षातून एकदा भेटते.

अश्विनीला मी तेव्हा सांगितलं, मी खूप खटपट केली गं, पण नाही जमलं. तिला ते खरं वाटलं. अजून दर दिवाळीला ती फराळाचा डबा घेऊन येते, वाकून माझ्या पाया पडते. आणि मी तिच्या डोक्यावर हात ठेवतो.