फंक्शनलाच आत घेणारा प्रोग्राम

लेकरांनो, मी सांगून राहिले अन् नात स्वाती लिहून राहिली.

सकाळपासून पोरगी रडकुंडीला आली होती. नोकरीसाठीचा प्रोग्राम आजच पाठवायचा होता अन् तो अडला होता.

“आजी, मी फक्त फंक्शनलाच, म्हणजे बोलावलं की नेमून दिलेलं काम करणाऱ्या तुकड्यालाच, आत घेतलं. हे ऑब्जेक्ट दुसऱ्या जातीचं, तरी बोलावलं की तेबी तेच काम करतंय, पण माझा प्रोग्राम त्याला हाकलून देतो.”

“अगं, एका लग्नात भाकरी थापायला बायाच पाहिजेत म्हणून मी तुझ्या आज्याला चुलीपुढून उठवलं होतं. त्याची भाकर माझ्यापेक्षा गोल! पंगत ताटकळली. भाकर थापता येती का, एवढंच इचारायचं होतं.”

स्वातीनं तसंच केलं. बोलावता येतं का, एवढंच तपासलं. प्रोग्राम चालला, पाठवलाबी.

मग मी माझ्या म्हाताऱ्याला म्हणलं, “तवा चुकलंच माझं.”

“हे कळायला नातीचा कंप्युटर लागला व्हय?”

तुम्ही कुणाला असं उठवलंय का?