आईचा वीस वर्षांचा गॅप

मंडळी, आज माझ्या बी.ए.च्या ॲडमिशनसाठी आईसोबत वर्ध्याला गेले. कॉलेजच्या खिडकीवर तिने मला बोलूच दिलं नाही. फी हप्त्याने चालते का, स्कॉलरशिपले कोणता दाखला लागते, सगळं तिनेच विचारलं.

मग हळूच म्हणाली, "अन् बारावीनंतर वीस वर्षांचा गॅप असन तर?"

"आई, माह्या कुठी गॅप हाय?"

"तुह्या नाई. माह्या."

खिडकीतल्या मॅडम हसल्या. "चालते. गॅप सर्टिफिकेट आणा. त्यात कारण लिहा लागते."

आमच्या गावी, जामला परतताना एसटीतच दोन फॉर्म भरायला घेतले.

"आई, गॅपचं कारण काय लिहू?"

"तुहं नाव लिही."

दुसरं एखादं कारण सुचवता का? पुढची तीन वर्षं मला तिच्याच शेजारी बसायचं आहे.