फकरोद्दीन चाचांचा बिनवेल्डिंगचा सांगाडा

मस्तगडच्या बाजारातलं लोखंडाचं तिसरं दुकान झालं तशा दैवशालाताईंच्या टाचा बोलायला लागल्या. जालन्याच्या स्टेशनापासून दोघं पायीच निघाले होते आणि फकरोद्दीन चाचा सारखे चार पावलं पुढं. ताईंनी रिक्षाचं नाव काढलं की म्हणायचे, रिक्षातून लोखंड दिसत न्हाई.

आष्टीच्या मारुती मंदिरावर सोलरच्या प्लेटा बसवायच्या होत्या. इंजिनिअरनं बजावून सांगितलं होतं की प्लेटांखालचा सांगाडा चॅनेलचा, म्हणजे खाचेच्या लोखंडी पट्ट्यांचा, नट-बोल्टानं जोडलेला पाहिजे. वेल्डिंग केलं की वरचं जस्त जळतं आणि तिथूनच गंज धरतो. ताईंच्या भजनी मंडळातल्या बायकांना काम चाचांच्याच हातून हवं होतं. चाचा म्हणाले, चॅनेल निवडून देतो, जोडायचं बोलू नका.

त्यांचंही बरोबर होतं. चाळीस वर्षं वेल्डिंगची. आष्टीतली निम्मी फाटकं त्यांच्या हातची, मंदिराचा कठडासुद्धा. घरी बायको, अकबरबी, म्हणायची, यांच्या चपलेचा अंगठा तुटला तरी हे आधी मशीन शोधतात. अशा माणसाला मशीन घरी ठेवून ये म्हणायचं! त्यात वावटळीत एखादी प्लेट सुटली तर खाली अंगणात भजनाला बायका बसलेल्या.

"माझ्या जोडाची गॅरंटी मी देतो, ताई. नटाची कोण देणार?"

"मारुतीराया हाय की."

"त्याच्या हातात गदा हाय, पाना न्हाई."

चौथ्या दुकानात दोन चॅनेल समोर आले, दिसायला जुळे भाऊ. दुकानदार म्हणाला, एकच माल हाय. चाचांनी दोन्हीचे फूट-फूटभर तुकडे मागून घेतले आणि समोरच्या वांगीवाल्याच्या काट्यावर ठेवले. एक भरला पावणेआठशे ग्रॅम, दुसरा साडेपाचशे. वांगीवाल्यानं गंभीरपणे विचारलं, कोणत्या भावानं देऊ? पातळ पत्र्याचं पितळ उघडं पडलं. जड होतं तेच घेतलं.

माल आष्टीला आला तसे चाचा नुसतं बघायला म्हणून छतावर चढले. इंजिनिअर दाखवत होता: दातेरी नट खाचेत सोडायचा, पाव फेरा फिरवायचा, दाते कडांवर बसले की बोल्ट आवळायचा. चाचांनी दोनदा बघितलं, तिसऱ्यांदा त्याच्या हातातला पाना काढून घेतला. ताईंनी बघून न बघितल्यासारखं केलं.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पुरुषभर उंच सांगाडा उभा राहिला. चाचा आडव्या चॅनेलला दोन्ही हातांनी लोंबकळले, झोके घेतले. सांगाडा हलला नाही. तो हलला नाही म्हणून चाचा जरा नाराजच दिसले.

आता तरी गॅरंटी द्या, ताई म्हणाल्या.

चाचांनी पाना फडक्यानं पुसून त्यांच्यापुढं धरला. "अर्धी माझी, अर्धी तुमची. वेल्डिंग करून माणूस विसरून जाऊ शकतो, नटाचं तसं न्हाई. दर पुनवेला तुम्ही दिवा लावायला येताच. मंग जिना चढून एकेक नट बघत जा. अन् ढिला लागला तर तुम्ही आवळू नका, ताई. मला हाक मारा."