लेआंद्रच्या कोटाचे दोन खिसे

ओझीत डूसेच्या पिशव्यांना मी हसले होते, हे आधीच सांगून टाकते. हसलं सगळंच गाव, पण माझं हसणं जरा मोठं होतं आणि ते तिच्या चांगलं लक्षात राहिलं आहे. शनिवारच्या बाजारात माझं मुरंब्यांचं टेबल आणि तिचं पिशव्यांचं टेबल शेजारी-शेजारी असतं. कुणी गिऱ्हाईक तिच्या पिशवीचं कौतुक करायला लागलं की अजूनही ती माझ्याकडे बोट दाखवून म्हणते, "या कोरीनला विचारा. म्हणाली होती, तुझ्या बापाची विजार खांद्याला अडकवून कोण मिरवणार!"

म्हणाले होते खरं. बावीस वर्षांपूर्वी आमच्या पेती-आन्स गावचा मासळीचा कारखाना बंद पडला. ओझीतने तिथे सत्तावीस वर्षं मासे कापले होते. कारखाना गेल्यावर बाकीच्या बायका मुलींकडे हॅलिफॅक्स शहरात गेल्या, नाहीतर घरी बसून दुखण्यांची यादी करू लागल्या. हिने एका म्हाताऱ्याकडून शिडं शिवायचं जुनं मशीन आणलं आणि बापाच्या जाड विजारीची हँडबॅग शिवली. ती बॅग घेऊन रविवारी चर्चला आली, तीही पुढच्या बाकावर.

तिचे नियम तिचेच. कात्री लावायच्या आधी कपड्याच्या प्रत्येक खिशात हात घालायचा आणि जे निघेल ते ज्याचं त्याला नेऊन द्यायचं. जपमाळा निघाल्या, मासेमारीचे परवाने निघाले, एकदा कवळी निघाली. प्रत्येक पिशवीवर मूळ कपड्याचा निदान एक खिसा जसाच्या तसा ठेवायचा. आणि आत एक कापडी पट्टी लावून त्यावर न पुसणाऱ्या शाईने लिहायचं, कपडा कुणाचा आणि मासेमारीचे किती हंगाम अंगावर होता: मेडार सुरेतची पँट, अकरा हंगाम. मेडार बुडाला त्याला सोळा वर्षं झाली. त्याची बायको त्या पँटच्या पिशवीतून रोज ब्रेड आणते. आता गावात मरणारे लोक घर मुलाला लिहून देतात आणि कोट ओझीतला. मीही माझा तिच्या नावावर लिहून ठेवलाय, पण तिला सांगितलेलं नाही. सांगितलं तर बाजारभर करेल.

गेल्या ऑक्टोबरात चर्चच्या तळघरात जुन्या कपड्यांचा सेल लागला. शेवटच्या तासात पाच डॉलरला गोणीभर कपडे मिळतात आणि तो तास ओझीतचा. सेलची सगळी व्यवस्था एडमे बूर्ककडे असते. एडमे म्हणजे देवाचीसुद्धा हजेरी घेईल अशी बाई. त्या दिवशी तळघरातला हीटर बंद होता, म्हणून ती वारलेल्या नवऱ्याचा, लेआंद्रचा, लाल-काळ्या चौकड्यांचा लोकरी कोट घालून आली होती. खोकी उचलून घाम आला तसा तिने तो काढला आणि टेबलाच्या कडेवर टाकला. असला कोट आमच्या किनाऱ्यावर दर तिसऱ्या घरात खुंटीला असतो. ओझीतने तो सेलचाच समजून गोणीत कोंबला.

दोन दिवसांनी मी राप्यूर घेऊन तिच्याकडे गेले. किसलेल्या बटाट्याचा एवढा मोठा साचा मी एकटीसाठी कधीच भाजत नाही. ओझीत घाईत होती. हॅलिफॅक्सच्या एका दुकानाने तीस पिशव्या मागवल्या होत्या आणि त्या मोठेपणात बाईंनी खिसे तपासायचा स्वतःचाच नियम गुंडाळून ठेवला होता. बाह्या कापून झाल्या होत्या, पाठ कापून झाली होती. पुढचे दोन पल्ले तेवढे शिल्लक होते, कारण खिशांचा भाग ती नेहमी शेवटी घेते. तेवढ्यात अस्तरात कात्री खट्‌कन अडली.

आतल्या खिशाच्या भोकातून घसरलेली एक किल्ली निघाली. तिला लाकडाचा बिल्ला होता आणि त्यावर एडमेच्या अक्षरात लिहिलं होतं, 'तळघर'. त्या किल्लीसाठी आख्खं चर्च पालथं घातलं होतं.

ओझीतने कात्री खाली ठेवली.

तो कोट काय होता, हे आम्हा दोघींना कुणी सांगायला नको होतं. नोव्हेंबरच्या शेवटच्या सोमवारी लॉब्स्टरचे सापळे घेऊन बोटी निघतात, तेव्हा सगळं गाव धक्क्यावर असतं. लेआंद्र गेला तेव्हापासून एडमे त्याचा कोट घालून, दोन्ही हात खिशात घालून एका ठराविक खांबापाशी उभी राहते. तिच्या मुलाची बोट दिसेनाशी होईपर्यंत हलत नाही.

मी म्हटलं, "हे बघ ओझीत, कोट तू पाच डॉलरला घेतलास. एडमेला वाटतंय कुणा बाहेरगावच्याने उचलला. वाटू दे. मी काही पाहिलेलं नाही."

"आणि किल्ली?"

"समुद्र काय लांब आहे?"

तिने राप्यूरची ताटली बाजूला सारली. "बावीस वर्षं मी जगाला सांगतेय, माझ्याकडचा प्रत्येक कपडा कुणाचा ते मला ठाऊक असतं. एवढंच तर आहे माझ्याकडे. ते समुद्रात टाकू?" तिने तुकडे एकावर एक घडी घालून ठेवले. "चल, तूही चल. बघितलं नाहीस ना, मग आता बघ."

एडमेने दार उघडलं. ओझीतने किल्ली पुढे केली, मग तुकडे, आणि म्हणाली, "मी कापला. खिसे बघितले नाहीत."

एडमेने एका बाहीवरून हात फिरवला. "किती तुकडे?"

"नऊ."

"जोड परत."

"कोट नाही व्हायचा आता. अंगात बसणार नाही. पिशवी होईल."

"पिशवी." एडमेचा आवाज चढला नाही, त्यामुळे जास्त वाईट वाटलं. "एकतीस हंगाम माझा नवरा हा घालून गेला आणि परत आला. नऊ हंगाम मी हा घालून उभी राहिले आणि माझा जील परत आला. आता मी काय घालून उभी राहू? तुझी पिशवी?" तिने किल्ली तेवढी घेतली आणि दार लावलं.

गावाला विषय मिळाला. कुणी म्हणे एडमेचीच चूक, कुणी म्हणे ओझीतला हॅलिफॅक्सची हवा लागली. आठवड्याभराने जील ओझीतकडे आला. चाळिशीचा, दारात वाकून शिरावं लागणारा गडी.

"ओझीतमावशी, आई म्हणते ती यंदा धक्क्यावर येणार नाही."

"तुला भीती वाटते?"

"समुद्राची नाही." तो टोपी हातात फिरवत राहिला. "पण ती खांबापाशी नसेल तर मी दोर सोडणार नाही. मला जमायचंच नाही. तूच कर काहीतरी."

ओझीतने त्याला एकच विचारलं, "ती खिशात हात घालते, तेव्हा मूठ असते की बोटं सरळ?"

"सरळ. बाबांसारखी. पार तळापर्यंत."

दुसऱ्या दिवशी तिने हॅलिफॅक्सच्या दुकानाला फोन करून तीस पिशव्या जमणार नाहीत म्हणून सांगितलं. बाजारातलं तिचं टेबल पाच शनिवार रिकामं होतं. मी गिऱ्हाइकांना म्हणायचे, बाई कामात आहेत. पहिल्यांदाच तिच्या वतीने बोलत होते आणि मान ताठ करून बोलत होते.

सापळ्यांच्या सोमवारी उजाडताना धक्का गच्च भरला होता. बोटींवर सापळ्यांचे ढीग. जीलने हातापाया पडून आईला आणलं होतं, पण ती चर्चला घालायचा निळा कोट घालून गर्दीत मागे उभी होती. हात कुठे ठेवावेत ते तिला कळत नव्हतं. कधी पाठीमागे न्यायची, कधी काखेत धरायची. तिकडे जीलच्या बोटीचं इंजिन चालू होतं आणि दोर तसाच खांबाला होता.

ओझीत सगळ्यांच्या देखत चालत गेली आणि पिशवी तिने स्वतः एडमेच्या गळ्यात अडकवली. नऊच्या नऊ तुकडे त्यात होते. दोन्ही बाह्या मिळून पट्टा झाला होता. पुढे कोटाचे दोन पल्ले, मधोमध तीच बटणं, आणि दोन बाजूंना ते दोन खिसे.

"हात घाल," ओझीत म्हणाली.

"नाही घालणार."

"एडमे, गारठा आहे. हात घाल."

एडमेने आधी उजवा घातला. मग डावा. त्या खिशांच्या अस्तराला ओझीतने सुई लावली नव्हती. चाळीस हंगामांत ते बोटांच्या जागी विरलं होतं, तसंच ठेवलं होतं. एडमेचे हात मनगटापर्यंत आत गेले, आणि मग तिचा चेहरा मी पाहिला. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं.

ती चालत खांबापाशी जाऊन उभी राहिली. जीलने दोर सोडला.

बोटी दिसेनाशा झाल्यावर एडमेने पिशवी उलटी-पालटी करून पाहिली. पट्टी सापडली. तिने ती मोठ्याने वाचली, म्हणजे सगळ्यांना ऐकू जावं. "लेआंद्र बूर्कचा कोट. चाळीस हंगाम. न विचारता कापला. ओझीत डूसे." मग चष्म्यावरून बघत म्हणाली, "हे शेवटचं उसव. लोक वाचतील."

"वाचू देत. बाकी एकाही पिशवीवर मी माझं नाव टाकलेलं नाही. हिच्यावर टाकलंय. चूक माझी आहे आणि कामही माझं आहे. टाके बघ, एक जरी हललेला दिसला तर सांग."

एडमेने खरंच बघितलं. शिवणीवरून नख फिरवत, एक कड न सोडता. सगळा धक्का थांबला होता. ओझीत हात मागे बांधून, हनुवटी वर करून उभी होती.

"पट्टा लांब झालाय," एडमे शेवटी म्हणाली.

"लेआंद्रचे हात लांब होते."

संध्याकाळी जीलची बोट परत आली तेव्हा एडमे खांबापाशीच होती. लांब पट्ट्यामुळे पिशवी तिच्या गुडघ्यांना लागते, चालताना आपटते. मे महिन्यात हंगाम संपला तेव्हा ओझीत म्हणाली, आण, आखूड करून देते. एडमे म्हणाली, खबरदार कात्री लावशील तर.