म्हशीची तार

विद्यापीठातल्या संगणकाच्या खोलीत शिरताना चपला बाहेर काढाव्या लागत. आत गार हवा, कपाटाएवढी घरघरणारी यंत्रं आणि आम्ही मूठभर विद्यार्थी अनवाणी. मुलगी मी एकटीच, कुरुंद्यासारख्या खेड्यातून आलेली. पाय गारठून बधिर होत, पण मी ब्र काढत नसे. देवळात जायला नको म्हणणारी मी तिथे मात्र निमूट चपला काढायची, यावरून वसतिगृहातल्या मैत्रिणी मला चिडवत.

सत्तरचं दशक सरत आलं होतं. गणितात एम.एस्सी. करता करता मी संगणक शिकवणाऱ्या एका सरांच्या छोट्या वर्गात जाऊन बसू लागले. यंत्रातली माहिती परक्याच्या हाती पडू नये म्हणून काय करायचं, हा तिथला विषय. सर त्याला ‘राखण’ म्हणत. हा शब्द ऐकला की मला आमच्या ज्वारीतला माळा आणि त्यावर गोफण घेऊन बसलेले बाबा दिसत. एकाच यंत्रावर अनेकजण काम करतात, तर समोर बसलेला माणूस तोच आहे हे यंत्राने कसं ओळखायचं? तारेवरून निघालेला निरोप मधल्यामध्ये कुणी वाचला तर काय? सर असे प्रश्न फळ्यावर लिहीत आणि उत्तर न देता खडू खाली ठेवत. तेव्हा त्यांचा राग यायचा. आता त्या रागाचीही आठवण येते.

आम्हा प्रत्येकाला एक परवलीचा शब्द ठरवायला सांगितला होता. बाकी टाईप केलेलं सगळं यंत्राच्या कागदावर उमटे, हा शब्द मात्र उमटत नसे. मला त्याचं कोण अप्रूप! आमच्याकडे घराला कुलूप लावलंच, तर किल्ली शेजारणीकडे द्यायची पद्धत, आणि ती तिने कुठे ठेवली हे सगळ्या आळीला ठाऊक. फक्त माझा, कुणालाही न सांगण्याचा असा एक शब्द मला आयुष्यात पहिल्यांदाच मिळाला होता.

शेवटच्या वर्षी उन्हाळ्यात घरी गेले तेव्हा अंगणात हळद वाळत होती. ती वरखाली करता करता मी बाबांना सांकेतिक निरोपांबद्दल सांगितलं. ते मन लावून ऐकत होते. मग म्हणाले, “म्हंजी वाचणाऱ्याला वाचता येतंय, पण कळत न्हाई. बराबर?” माझ्या वर्गातल्या एकदोघांना हे अजून समजलेलं नव्हतं.

बाबांनी हे लक्ष देऊन ऐकण्याला कारण होतं. मोठ्या काकांनी माझ्यासाठी कळमनुरीचं स्थळ आणलं होतं आणि जवळजवळ शब्द देऊन टाकला होता. मला सरांच्या हाताखाली पुढे संशोधन करायचं होतं. त्यासाठी एकच जागा होती आणि निवड पावसाळ्यात व्हायची होती. निवड झाली तर शिक्षण, नाही तर लग्न. पण निवड झाली तरी काकांची परवानगी लागणार, आणि काकांचा स्वभाव असा, की घरातली गोष्ट त्यांना बाहेरून कळली तर ती चांगली असली तरी ते मोडता घालत. म्हणून बातमी आधी बाबांना एकट्याला कळायला हवी होती. त्यांना काकांचा मूड बघून विषय काढायचा होता. पत्र पोचायला आठ-आठ दिवस लागत, आणि गावात तार मात्र कधीच एकट्याला मिळत नसे. तार म्हणजे कुणीतरी गेलं, हे ठरलेलं. पोस्टमनच्या मागे निम्मं गाव चालत यायचं आणि तो दारात उभा राहून मोठ्याने वाचायचा.

तेव्हा आम्ही खूण ठरवली. गोठ्यात आमची म्हैस गाभण होती. बाबा म्हणाले, निवड झाली तर ‘म्हैस व्याली’ अशी तार कर, नाही झाली तर तार करूच नको. कुणाला शंका यायचं कारण नव्हतं. आम्ही दोघंही स्वतःवर बेहद्द खूश होतो.

श्रावणात निवड झाली. मी धावतच तार ऑफिसात गेले. मजकूर वाचून तिथल्या माणसाने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि शिक्का मारला.

पुढचं सगळं मला आईने दिवाळीत सांगितलं, आणि मग दर दिवाळीत. पोस्टमन दारात आला तेव्हा मागे बायका पदर डोळ्याला लावून उभ्या होत्या. त्याने वाचलं, म्हैस व्याली. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. म्हैस व्याली की पहिल्या दुधाचा चीक आळीत वाटायची रीत. बायका घरी जाऊन वाट्या, तांबे घेऊन आल्या. गोठ्यात म्हैस पोट सांभाळत रवंथ करत होती. तरी एकजण म्हणालाच, सरकारी तार आहे, खोटी कशी असेल.

एवढ्यात मोठे काका आले. त्यांनी म्हशीकडे बघितलं, मग तारेकडे.

“म्हैस हितं उभी हाय, अन् ती व्याल्याची तार शहरातून येते?” ते बाबांना म्हणाले. “काय करून राहिला तू?”

शहरातल्या मुलीला गोठ्यातली म्हैस व्याल्याचं गावाच्या आधी कसं कळणार, हे आमच्या दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं. आई म्हणते, बाबांचा चेहरा उतरला. काहीतरी थाप मारून त्यांना वेळ निभावून नेता आली असती.

“दादा, तार म्हशीची न्हाई, लेकीची हाय,” ते म्हणाले. “पुढं शिकायला तिची निवड झाली. तुमाला एकट्याला सांगायचं होतं म्हणून लपवलं. आता समद्यांसमोर सांगतो, ती शिकणार. कळमनुरीला मी जाऊन हात जोडतो.”

अंगणात बायका वाट्या घेऊन तशाच उभ्या होत्या. काका आईकडे वळले. “भांडी रिकामी जाऊ देऊ नका,” म्हणाले, आणि स्वतःच्या घरून गुळाची ढेप आणवली. प्रत्येक वाटीत गुळाचा खडा पडला.

मला तिकडे यातलं काहीच माहीत नव्हतं. उत्तर येईना तसा माझा धीर सुटत चालला होता. आणि मग बाबांची तार आली. ‘सगळ्यांना सांगितले. शीक.’

आता बाबा नाहीत, काकाही नाहीत, तारही बंद झाली. बाबांची ती तार मिळाली तेव्हा मी संगणकाच्या खोलीबाहेर, चपलांच्या ढिगाशेजारी बसून ती पुन्हा पुन्हा वाचली. हे आमच्यात ठरलेलं नव्हतं, तेव्हा यात काय दडलंय ते शोधत राहिले. शब्द उलटसुलट लावून पाहिले, अक्षरं मोजली. काहीच सापडलं नाही. बाबांना जे म्हणायचं होतं तेच त्यांनी लिहिलं होतं, वाटेत कुणीही वाचावं असं. ते कळलं तेव्हा मी तिथेच रडले.